डिस्नी वर्ल्डमध्ये रिझर्व्हेशनशिवाय बसून जेवण – जमतं का?

सायली_मो

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही सहाजण ऑर्लँडोला निघालोय. नवरा, मी, सासू-सासरे आणि दोन मुलं (मोठा ९, धाकटी ४). चार दिवस डिस्नी वर्ल्ड, रोज एक पार्क (मॅजिक किंगडम, एप्कॉट, अ‍ॅनिमल किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज). नवऱ्याची रजा नक्की व्हायलाच इतका वेळ लागला की तिकिटं हातात आली तोवर जेवणाच्या बुकिंगची मुदत उलटून गेली होती. हॉटेलही डिस्नीचं नाही, बाहेरचं आहे.

आता अ‍ॅप उघडून बघते तर ऐकलेली सगळी नावं भरलेली. किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल नाही, बी अवर गेस्ट नाही, एप्कॉटमधलं स्पेस २२० नाही. जो भेटतो तो 'अगं, दोन महिने आधी पहाटे उठून करायचं असतं ते' असं सांगतो, आणि त्याचा आता काहीच उपयोग नाही.

प्रश्न नुसत्या हौसेचा असता तर सोडून दिला असता. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांचं जेवण वेळेवर आणि नीट बसून व्हायला हवं. उन्हात रांगेत ताटकळणं त्यांना झेपणार नाही. रिझर्व्हेशन नसताना तिथे खरंच बसून जेवता येतं का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाणकोंबडी

येतं. आमचं नेहमी तसंच होतं. फक्त बारा ते दीडच्या मध्ये जेवायचं नाही, एवढं पाळा. बाकीचं भटकभवानी लिहितीलच, त्या तिथे जवळच राहतात.

भटकभवानी

सायली, आधी मनावरचं ओझं उतरवा. तुम्ही वेळेत बुकिंगला बसला असतात तरी किल्ल्यातलं टेबल मिळालंच असतं असं नाही. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं हे खरं, पण डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना त्या दिवशी पुढच्या १० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचं बुकिंग एकदमच करता येतं. म्हणजे बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांसाठी एखादी तारीख उघडते तेव्हा आतल्या पाहुण्यांनी त्या तारखेची मोक्याची टेबलं आधीच घेतलेली असतात. २०२० च्या आधी तर ही मुदत १८० दिवसांची होती. सहा महिने आधी कुठल्या मंगळवारी कुठे जेवायचं ते ठरवायचं! त्या मानाने आता बरं आहे.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. तिथलं रिझर्व्हेशन म्हणजे तुमच्या नावाची पाटी ठेवून अडवलेलं टेबल नव्हे. त्या वेळेला तुम्ही पोचलात की तुमच्या मापाचं जे पहिलं टेबल रिकामं होईल ते तुम्हाला, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून गर्दीच्या दिवशी रिझर्व्हेशनवालेही दारात उभे दिसतात. आणि म्हणूनच उलटंही घडतं: मोठा गट आलाच नाही, कुणी लवकर उठलं, पाऊस आला, की टेबलं मोकळी होतात आणि ती दारातल्यांना मिळतात.

आत रिकामी टेबलं दिसत असताना 'जागा नाही' म्हणतात तेव्हा लोक चिडतात. पण त्या वेळी हातात वाढपी किती आहेत आणि स्वयंपाकघर किती ताटं काढू शकतं यावर ते माणसं आत सोडत असतात. सगळी टेबलं एकदम भरली तर सगळ्यांचंच जेवण रखडेल. दारातल्या मुलीशी वाद घालू नका, 'परत कधी येऊन विचारू?' एवढंच विचारा. त्या बहुतेक वेळा खरं काय ते सांगतात.

आता कामाचं. डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये वॉक-अप लिस्ट असते. ज्या रेस्टॉरंटला त्या क्षणी बिनबुकिंगची माणसं घेता येतात तिथे नाव घालायचं बटण दिसतं आणि साधारण किती थांबावं लागेल तेही दिसतं. नाव घातलं की तुम्ही मोकळे. टेबल तयार झालं की फोनवर निरोप येतो. हॉटेलच्या खोलीत बसून मात्र हे होत नाही, तुम्ही त्या परिसरात असावं लागतं. बटण दिसलं नाही तरी दारात जाऊन विचारा, कारण यादी अधूनमधून बंद करतात आणि पुन्हा उघडतात. वॉक-अपला नाव घालून तुम्ही गेला नाहीत तर दंड नाही. रिझर्व्हेशन करून न गेल्यास मात्र बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात.

त्या दंडातच आपल्या फायद्याची एक खाच आहे. पूर्वी आदल्या दिवशीच रद्द करावं लागायचं, आता बहुतेक रेस्टॉरंटांना २ तास आधी रद्द केलं तरी चालतं. लोक शेवटच्या क्षणापर्यंत दोन-दोन बुकिंगं धरून ठेवतात आणि दंड लागायच्या आत एक सोडतात. तेव्हा तुम्हाला दीडला जेवायचं असेल तर अकरा ते साडेअकराच्या दरम्यान अ‍ॅपमध्ये पुन्हा पुन्हा बघत राहा. आदल्या रात्री झोपण्याआधीही एकदा बघा, त्या वेळी लोक दुसऱ्या दिवसाचा बेत बदलत असतात. मागच्या पाहुण्यांना मी अशीच बी अवर गेस्टमध्ये जागा काढून दिली. खिडक्यांबाहेर बर्फ पडताना दिसतो ना, त्या नाचाच्या मोठ्या दालनात बसवलं होतं त्यांना.

अनिकेत_जे

भटकभवानी, सगळं पटलं, पण एका बाबतीत मला लोकांना सावध करावंसं वाटतं. घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिला राजकन्यांबरोबर किंवा मिकीबरोबर जेवायचं असेल तर 'बघू, तिथे गेल्यावर मिळेल' यावर विसंबू नका. क्रिस्टल पॅलेस, अ‍ॅनिमल किंगडममधलं टस्कर हाउस, एप्कॉटमधलं गार्डन ग्रिल, एप्कॉटच्याच नॉर्वे दालनातलं आकेरशूस, या डिस्नीच्या पात्रांबरोबरच्या जेवणाच्या जागा. तिथे लोक जेवणापेक्षा भेटीसाठी येतात, त्यामुळे रद्द होणारी बुकिंगं फार थोडी, आणि झालीच तरी सहाजणांची एकत्र सुटणं आणखी कठीण. मुलीला आधी सांगून ठेवायचं आणि मग तिथे नाही म्हणायचं, असं करू नये. चार दिवस ते तिच्या डोक्यातून जात नाही.

त्यापेक्षा भेट आणि जेवण वेगळं करा. मॅजिक किंगडममध्ये प्रिन्सेस फेअरीटेल हॉल आहे, तिथे राजकन्या भेटतात, गप्पा मारतात, फोटो काढू देतात. तिकिटाव्यतिरिक्त एक पैसा नाही. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या तिकडे जा. मग जेवण कुठेही करा, मुलगी खूश असते.

भटकभवानी

अनिकेत, पूर्ण सहमत. मी जे लिहिलं ते नुसत्या जेवणाच्या रेस्टॉरंटांबद्दल होतं. किल्ल्यातलं टेबल, पात्रांबरोबरचं जेवण आणि स्पेस २२० ही तीन मी 'मिळालं तर नशीब' या खात्यात टाकते. बेत त्यांच्यावर रचायचा नाही.

मृण्मयी

शाकाहाराबद्दल मी लिहिते, कारण माझी आई आली होती तेव्हा यावर बराच शोध घेतला होता.

२०१९ पासून डिस्नीने मेनूवर हिरव्या पानाची खूण सुरू केली आहे. ती खूण असलेल्या पदार्थात मांस तर नसतंच, पण दूध, अंडं आणि मधही नसतो. म्हणजे सासूबाईंना अंड्याची शंका येणारच नाही. खूण नसलेले पण शाकाहारी वाटणारे पदार्थ असतात, तिथे मात्र विचारायचं. काउंटरवर असलात तरी 'आहाराबद्दल विचारायचं आहे' म्हटलं की त्याची माहिती असलेला माणूस बोलावतात. तळणीचं तेल मांसाच्या पदार्थांसाठी तेच वापरतात का, हेही विचारायला संकोचू नका. तिथे अ‍ॅलर्जीचे इतके प्रश्न येतात की त्यांना याची सवय असते.

सगळे मेनू अ‍ॅपमध्ये किमतीसकट असतात. घरूनच सासूबाईंबरोबर बसून बघून ठेवा. आईला आम्ही तसं केलं आणि तिची धास्ती गेली.

दोन जागा नाव घेऊन सांगते. अ‍ॅनिमल किंगडममधल्या पँडोरा भागात साटुली कँटीन आहे. काउंटरवरचं आहे, त्यामुळे रिझर्व्हेशनचा प्रश्नच नाही. पण आत छत उंच, जागा गार आणि खुर्च्या-टेबलं व्यवस्थित. खालचा आधार भात, कडधान्याचं सॅलड वगैरेतून तुम्ही निवडता आणि वर टोफू घेता. चांगलं पोटभर होतं. डिस्नी वर्ल्डमधली मोबाइल ऑर्डर, म्हणजे फोनवरून आधीच जेवण मागवायची सोय, पहिल्यांदा इथेच २०१७ मध्ये सुरू झाली.

दुसरी जागा पार्कमध्ये नाही: सना. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेज या भागातलं हे रेस्टॉरंट. त्यांची भारतीय धर्तीची ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे. साधा नान, आलं-लसणाचा नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा अशांतून निवडायचं आणि बरोबर नऊ छोट्या वाट्या येतात: काकडीची कोशिंबीर, कोथिंबिरीची चटणी, चिंचेची, आंब्याची, लसणाचं लोणचं, टोमॅटो-खजुराचा जॅम, आणखी काही. एवढे दिवस चीज आणि ब्रेड खाल्ल्यावर चिंचेची चटणी जिभेला लागली तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टेबलाचं रिझर्व्हेशन मिळणं कठीण, पण तिथल्या बारच्या भागात बुकिंगशिवाय बसता येतं आणि तीच ब्रेड सर्व्हिस मिळते. जेवून बाहेर आलात की कुरणावर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. त्याला पार्कचं तिकीटही लागत नाही.

सायली_मो

मृण्मयी, तुमची पोस्ट मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. 'चिंचेची चटणी' ऐकून त्यांनी सना वहीत लिहून घेतलंय. सगळ्यांचे खूप आभार.

आणखी विचारते: सहाजणांचं टेबल वॉक-अपने मिळणं कितपत शक्य आहे? आणि बरोबर घरचं खाणं नेऊ देतात का? सासऱ्यांसाठी मधल्या वेळचं काहीतरी सतत जवळ लागतं.

हेमंत_प

नेऊ देतात. घरचं कोरडं खाणं, फळं, पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांचं, सगळं चालतं. काचेची बाटली नको, दारू नको, आणि जे गरम करावं लागेल असं काही नको, कारण ते गरम करून देत नाहीत. पिशवी-कूलर चालतो, पण २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा नको. त्यात सुटा बर्फ किंवा ड्राय आइस टाकलेला चालत नाही, गार राहणाऱ्या जेलच्या पिशव्या ठेवा. दारावर सामान तपासतात तेव्हा खाण्याचा डबा वर ठेवला की पटकन सुटका होते.

पाणी विकत घेऊ नका. काउंटरवर पेय मिळतं अशा कुठल्याही जागी बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. सहाजण आणि फ्लोरिडातलं ऊन म्हटल्यावर हे फार कामाला येतं.

तुमच्या सासऱ्यांबद्दल एक कळकळीचं सांगणं. माझ्या वडिलांनाही मधुमेह होता. वॉक-अपच्या यादीत '३५ मिनिटं' दिसली तरी ती ३५ च असतील हे गृहीत धरू नका. यादीत नाव घालताना त्यांनी काहीतरी खाल्लेलं असावं. जेवणाची वेळ झाल्यावर नाव घालायचं नाही, जेवणाच्या तासभर आधी घालायचं. निरोप लवकर आला तर लवकर बसा, त्यात काही बिघडत नाही.

भटकभवानी

सहाजणांचं सांगते. चारजणांची टेबलं सगळ्यात जास्त असतात, सहाची कमी. म्हणून अ‍ॅपमध्ये सहा टाकून काही दिसलं नाही तर चार आणि दोन असं वेगवेगळं शोधा. एकाच रेस्टॉरंटमध्ये जवळजवळच्या वेळा मिळाल्या तर दोन्ही घ्या. दारात सांगितलं तर शेजारी बसवायचा प्रयत्न करतात, हमी नाही. आजी-आजोबा आणि नातवंडं एका टेबलावर, नवरा-बायको दुसऱ्यावर, हेही काही वाईट नाही 😊

एक लक्षात ठेवा: सहा किंवा जास्त माणसांच्या बिलावर १८ टक्के टिप ते स्वतःच लावतात. बिल नीट वाचा, नाहीतर वर पुन्हा टिप लिहिली जाते. चार-दोन असे बसलात तर टिप तुम्ही लिहायची, १८ ते २० टक्के. ६.५ टक्के विक्रीकर वेगळा. काउंटरवरच्या जागांना टिपेचा प्रश्न नाही. मुलांचं सांगायचं तर ३ ते ९ वयाला मुलांचा दर आहे, म्हणजे तुमचा मोठाही अजून त्यात बसतो. बुफेच्या ठिकाणी याने बराच फरक पडतो.

आता पार्कवार कुठे दार ठोठवायचं ते.

मॅजिक किंगडममध्ये मी पहिल्यांदा स्किपर कँटीनला विचारते. अ‍ॅडव्हेंचरलँडमध्ये आहे, जंगल क्रूझ या बोटीच्या राइडच्या अगदी समोरच्या बाजूला. पदार्थ ओळखीच्या अमेरिकन वळणाचे नाहीत म्हणून बरेच लोक टाळतात, आणि नेमकं त्यामुळे तिथे जागा मिळते. मसाल्याची चव असते, पानाची खूण असलेले पदार्थ असतात, वाढपी जंगल क्रूझच्या नावाड्यांसारखे विनोद करत वाढतात. पुस्तकांच्या कपाटामागे एक लपलेलं दालन आहे, मुलांना ते शोधायला सांगा. दुपारची परेड निघते तेव्हा सगळी गर्दी रस्त्याच्या कडेला बसलेली असते. त्या वेळी विचारायला जायचं.

तिथेही नाहीच जमलं तर कोलंबिया हार्बर हाउस. काउंटरवरचं आहे पण वरच्या मजल्यावर बसायला जागा आहे, आणि खाली झुंबड असतानाही वर बरीच शांतता असते. ऑर्डर फोनवर द्या, सासू-सासऱ्यांना आधी वर बसवा.

आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दुपारी पार्कमधून बाहेर पडायला घाबरू नका, त्याच तिकिटावर परत येता येतं. मॅजिक किंगडमपासून कंटेम्पररी हॉटेल चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, नाहीतर मोनोरेल. चौथ्या मजल्यावर काँटेम्पो कॅफे आहे, काउंटरचं. दुपारी पाहुणे पार्कात असतात म्हणून हॉटेल गार आणि निवांत. मोनोरेल इमारतीच्या पोटातून डोक्यावरून जाते. मधोमध मेरी ब्लेअर यांनी केलेलं ९० फूट उंच भित्तिचित्र आहे. त्यात एक पाच पायांची बकरी आहे. मुलं ती शोधेपर्यंत आजोबांचं जेवण निवांत होतं. हॉटेल १९७१ चं, डिस्नी वर्ल्ड उघडलं तेव्हापासूनचं.

एप्कॉट तर बिनबुकिंगवाल्यांसाठी सगळ्यात सोयीचं. तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, आणि एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरं पाच मिनिटांवर. तो भाग साधारण अकराला उघडतो. रेस्टॉरंटं उघडतात त्या पहिल्या तासात, लोक अजून राइड्सच्या रांगेत असताना, दारात उभं राहायचं. मोरोक्कोतलं स्पाइस रोड टेबल तळ्याच्या काठावर आहे, तिथे मला बहुतेक वेळा जागा मिळालेली आहे. चीनमधलं नाइन ड्रॅगन्सही तसंच. इटलीतलं व्हिया नापोली जास्त मागणीचं, तरी लवकर गेलात तर विचारून बघा. लाकडावर पेटणाऱ्या भट्ट्या आहेत, तीन ज्वालामुखींची नावं दिलेल्या: एटना, व्हेसुव्हिओ, स्ट्रॉम्बोली. मुलं भट्टीसमोरून हलत नाहीत. पूर्ण फेरी मात्र दोन किलोमीटरच्या आसपास आहे. सासऱ्यांना सगळी चालवू नका, कुठल्या बाजूला जेवायचं ते ठरवून त्याच बाजूने निघा.

पाणकोंबडी

लाउंजबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. नावावरून लोकांना वाटतं फक्त दारू मिळते, पण तसं नाही. बऱ्याच मोठ्या रेस्टॉरंटांना लागून लाउंज असतं आणि तिथे रिझर्व्हेशनशिवाय बसवतात. हॉलिवूड स्टुडिओजमधल्या फिफ्टीज प्राइम टाइम कॅफेशेजारी ट्यून-इन लाउंज आहे, तिथे कॅफेचाच पूर्ण मेनू मिळतो. मुख्य कॅफेतली गंमत (वाढपी घरच्या आईसारखे रागावतात, टेबलावर कोपर ठेवू देत नाहीत, भाजी संपवायला लावतात) लाउंजमध्ये तितकी नसते, पण जेवण तेच. अ‍ॅनिमल किंगडममध्ये टिफिन्सला लागून नोमॅड लाउंज आहे. सोफे आहेत, बाहेर नदीकाठी गच्ची आहे, मुलंबाळं घेऊन लोक बसलेले दिसतात. छोट्या थाळ्या येतात, दोन-तीन मागवून सगळ्यांनी वाटून खायच्या. दुपारी चारच्या सुमाराला तिथे बसणं हा माझ्या मते त्या पार्कमधला सगळ्यात सुखाचा तास आहे.

त्याच पार्कमध्ये यॅक अँड यती आहे. ते डिस्नी स्वतः चालवत नाही, लँड्रीज ही कंपनी चालवते. त्यांच्या सिलेक्ट क्लबचं सभासदत्व असलं की बिनबुकिंग आलात तरी टेबल आधी देतात. प्रवेशद्वाराजवळचं रेनफॉरेस्ट कॅफेही त्यांचंच.

अनिकेत_जे

मोबाइल ऑर्डरबद्दल थोडं. लोक भूक लागल्यावर अ‍ॅप उघडतात, आणि तोवर साडेबाराच्या वेळा संपलेल्या असतात, पहिली मिळणारी वेळ सव्वादोन. सकाळी नाश्ता झाला की दुपारची ऑर्डर टाकून वेळ निवडून ठेवायची. ऑर्डर टाकली म्हणून लगेच बनवत नाहीत. तुम्ही तिथे पोचून 'आलो आहे' असं बटण दाबलं की मग बनवायला घेतात. उशीर होतोय असं वाटलं तर वेळ बदलता येते. यासाठी फोन चार्ज असावा, पॉवर बँक न्याच. पार्कमध्ये वायफाय फुकट आहे, त्यामुळे सिमकार्ड नसलं तरी अडत नाही.

डायनिंग प्लॅन २०२४ पासून परत सुरू झालाय, म्हणून त्याबद्दल अनेकजण विचारतात. तो डिस्नीच्या हॉटेलच्या पॅकेजबरोबर असतो, तेव्हा सायली तुम्हाला लागू नाही. पण इतर वाचणाऱ्यांसाठी: हातात रिझर्व्हेशनं नसतील तर टेबल-सर्व्हिसचा प्लॅन घेऊ नका. रोज माणशी एक बसून जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात आणि ते वसूल करायला तुम्ही पार्क सोडून टेबलं शोधत हिंडता.

रानफूल

आमचा बेत ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांचा आहे. तिथेही हीच धावपळ का?

हेमंत_प

युनिव्हर्सलला ही धावपळ बरीच कमी. लोकांना जिथे जेवायचंच असतं त्या हॅरी पॉटरच्या दोन जागा, हॉग्समीडमधलं थ्री ब्रूमस्टिक्स आणि डायगन अ‍ॅलीतलं लीकी कॉल्ड्रन, काउंटरच्या आहेत. ऑर्डर द्यायची आणि आत बसायचं. टेबल-सर्व्हिसमध्ये आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमधलं मिथॉस मोठ्यांना आवडतं, गुहेसारखं आहे आतून. तिथे रिझर्व्हेशन घेतात, पण दुपार टळल्यावर विचारायला हरकत नाही.

मृण्मयी

पावसाबद्दल कुणीच लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर दुपारी तीन-चारच्या सुमाराला ऑर्लँडोत विजांसह जोराची सर येते. सर आली की बाहेरच्या राइड्स थांबतात आणि सगळं पार्क छप्पर शोधत रेस्टॉरंटांच्या दारात उभं राहतं. त्या वेळी नाव घालायला जाल तर यादीच बंद झालेली असेल. आभाळ भरून आलेलं दिसलं की आधीच नाव घाला. तुम्ही दोन-अडीचला बसलात तर सर येते तेव्हा तुमचं गोड खाणं चाललेलं असतं.

सायली_मो

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की आता निघायची धास्ती राहिली नाही. मी असा बेत केलाय, कुठे चुकतंय का बघा.

पहिला दिवस मॅजिक किंगडम: सकाळी फेअरीटेल हॉल, दुपारी मोनोरेलने कंटेम्पररी, संध्याकाळी परत येऊन स्किपर कँटीनला विचारायचं. दुसरा एप्कॉट: अकराला मोरोक्कोकडून सुरुवात. तिसरा अ‍ॅनिमल किंगडम: साटुलीची ऑर्डर सकाळीच, आणि पार्क आटोपल्यावर सना. चौथा हॉलिवूड स्टुडिओज: सकाळपासून सायफाय डाइन-इनसाठी बघत राहायचं, नाहीतर काउंटर. मुलाला गाडीत बसून जुने सिनेमे बघत जेवायचंय.

भटकभवानी

छान आहे. दोन बदल सुचवते.

एप्कॉटमध्ये मोरोक्को तळ्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. मुख्य दारातून तिथपर्यंत चालत जाण्यातच आजोबा थकतील. एप्कॉटला दुसरं दार आहे, इंटरनॅशनल गेटवे, फ्रान्स आणि ब्रिटनच्या मध्ये उघडतं. जवळच्या हॉटेलांकडून आणि हॉलिवूड स्टुडिओजकडून स्कायलायनर म्हणजे केबल कार तिथे येते, बोटही येते. त्या दाराने आत आलात तर फ्रान्स ओलांडलं की मोरोक्को. तुमच्या हॉटेलची बस किंवा टॅक्सी कुठे सोडते ते आधी विचारून घ्या. आणि सकाळी थोडा वेळ हातात असेल तर फ्रान्समधल्या ले आल या बेकरीत कॉफी घ्या, तिथे बसायला जागा आहे.

सना मात्र रात्रीवर टाकू नका. रात्री अंधारात प्राणी फारसे दिसत नाहीत, आणि बारच्या थोड्याच जागा असतात, सहाजण एकत्र बसायला रात्री वेळ लागेल. अ‍ॅनिमल किंगडम सकाळी लवकर उघडतं. दाराशी वेळेआधी पोचा, सफारी आणि पँडोरा आधी उरका, आणि साडेअकराच्या सुमाराला लॉजची बस धरा. बस आधी जांबो हाउसला थांबू शकते, तिथे उतरू नका, तुम्हाला किडानी व्हिलेज हवंय. दुपारी बारचा भाग मोकळा असतो. सहा नाहीच जमले तर दोन टेबलं मागा. मग साटुली संध्याकाळी ठेवा, तीही ऑर्डर आधीच टाका, आणि पार्क त्या दिवशी किती वाजता बंद होतंय ते अ‍ॅपमध्ये बघा. अ‍ॅनिमल किंगडम बाकीच्या पार्कांच्या आधी बंद होतं.

सायफायसाठी सहाजणांनी एका गाडीत बसायचा हट्ट धरू नका. गाड्यांमध्ये एकामागे एक अशी बाकं असतात, पुढच्याची पाठ मागच्याकडे. तुम्हा दोघांपैकी एकजण मुलांना घेऊन सायफायमध्ये बसा, तिघांचं टेबल दोन तास आधीच्या शोधात बरंच सहज हाती लागतं. दुसऱ्याने आजी-आजोबांना घेऊन समोरासमोर बसता येईल अशा साध्या टेबलावर जेवावं. मुलाची हौसही होईल आणि आजोबांचं जेवण वेळेवर होईल.

सायली_मो

दोन्ही बदल केले. सायफायला मुलांबरोबर मी बसणार, नवरा आई-बाबांबरोबर. टॅक्सी इंटरनॅशनल गेटवेपाशी सोडू शकते का हे आज हॉटेलला विचारते आणि इथे लिहिते, इतरांनाही उपयोगी पडेल.